‘यासारखा एक तरी अध्याय आणा’ : कुराणाच्या अद्वितीयतेचा दावा आणि त्यामागचा युक्तिवाद

कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातील तेविसावी आयत, म्हणजे वचन, ऐकणाऱ्यांना सरळ आव्हान देते. आम्ही आमच्या दासावर जे उतरवले आहे त्याविषयी तुमच्या मनात शंका असेल, तर यासारखा एक तरी अध्याय घेऊन या, आणि अल्लाहखेरीज तुमचे जे कोणी साक्षीदार असतील त्यांनाही बोलवा, असा तिचा आशय आहे. हे तुम्हाला जमले नाही तर काय, याचा विचार पुढची आयत करते आणि ‘ते तुम्हाला कधीच जमणार नाही’ असे बोलता बोलता ठामपणे सांगून टाकते. या आव्हानाच्या पायावर इस्लामी परंपरेने एक संपूर्ण ज्ञानशाखा उभी केली. तिला ‘एजाज’ म्हणतात. समोरच्याला असमर्थ करणे असा त्याचा अर्थ आहे, आणि चमत्कारासाठी उर्दूत वापरला जाणारा ‘मोजिजा’ हा शब्दही त्याच धातूपासून आला आहे. इतर प्रेषितांचे चमत्कार त्यांच्या काळाबरोबर संपले, मुहम्मद पैगंबरांचा मुख्य चमत्कार मात्र ग्रंथरूपाने आजही समोर आहे, आणि त्यासारखे काही कोणालाच रचता येत नाही, म्हणून तो मानवाचा नसून ईश्वराचा शब्द आहे, अशी ही मांडणी आहे.

सोलापुरात हा दावा अनेकांच्या कानावर आलेला असतो. रमजानच्या रात्री तरावीहच्या नमाजेत हाफिज संपूर्ण कुराण तोंडपाठ म्हणून पूर्ण करतात. मागच्या रांगांतील अनेकांच्या घरी दखनी उर्दू बोलली जाते, बाजारात मराठी चालते, शेजारपाजारामुळे कन्नड किंवा तेलुगूही कळते, पण अरबी समजणारे थोडेच असतात. त्यामुळे दावा ऐकून एक तर श्रद्धेने मान डोलावली जाते, नाही तर ‘प्रत्येकाला आपला ग्रंथ थोरच वाटतो’ असे म्हणून विषय मिटवला जातो. युक्तिवादाची घडण दोन्हीकडे अपरिचितच राहते. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली ज्या शहरात भरले, त्या शहरात तरी या प्रश्नाची मराठीतून नीट उकल व्हायला हवी असे मला मनापासून वाटते. भाषा सुंदर आहे, म्हणून ग्रंथ ईश्वराचा, एवढा सरळसोट हा युक्तिवाद नाही. त्यात अनेक कड्या आहेत, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक कडीवर मुस्लिम विद्वानांनीच आपसांत शतकानुशतके कडाडून वाद घातला आहे.

आव्हान कोणाला होते

पैगंबरांना इसवी सन ६१० च्या सुमारास मक्केत पहिला साक्षात्कार झाला आणि ६३२ मध्ये मदिनेत त्यांचे निधन झाले. या साधारण तेवीस वर्षांत कुराण टप्प्याटप्प्याने सांगितले गेले. त्या काळच्या अरबांकडे भव्य वास्तू नव्हत्या, मोठी ग्रंथसंपदा नव्हती, पण काव्य होते, आणि काव्यालाच त्यांच्या जगात सर्वांत मोठी प्रतिष्ठा होती. टोळीचा कवी हा टोळीचा इतिहासकार असे, तिचा वकील असे आणि शत्रूवर सोडायचे तिचे शस्त्रही असे. इमरुल कैस किंवा लबीद यांच्या दीर्घ कविता लोकांना मुखोद्गत असत. हे काव्य वृत्तबद्ध होते आणि कवितेच्या शेवटापर्यंत एकच यमक चाले. आठव्या शतकात खलील बिन अहमद यांनी या वृत्तांचे शास्त्र बांधले, आणि परंपरेत अशी सोळा वृत्ते मानली जातात. काव्याखेरीज ‘सजअ’ नावाचा आणखी एक प्रकार होता. काहिन, म्हणजे भविष्य सांगणारे, देवऋषी म्हणता येतील असे लोक, लहान लहान यमकबद्ध गद्यवाक्यांत गूढ कथन करीत. त्या गद्याचे हे नाव.

कुराण या दोन्हींत बसत नव्हते. आयतींच्या शेवटी यमकासारखा नाद येतो, पण वृत्त नाही. सजअची आठवण होते, पण वाक्यांची लांबी, विषयांचा पल्ला आणि बोलण्याचा अधिकार वेगळाच आहे. मक्केतील विरोधकांची यामुळे कशी पंचाईत झाली, हे कुराणातच नोंदलेले आहे. हा कवी आहे, हा काहिन आहे, हा वेडा आहे, याला कोणी परका माणूस शिकवतो, असे आरोप एकामागून एक उद्धृत होतात आणि त्यांना उत्तरे दिली जातात. परक्या माणसाच्या आरोपाला सोळाव्या अध्यायात मिळालेले उत्तर भाषेच्याच अंगाने जाते: ज्याच्याकडे तुम्ही बोट दाखवता त्याची बोली परकी आहे आणि ही तर स्पष्ट अरबी आहे.

सोलापूरच्या वाचकाला गद्य आणि पद्य यांच्या मधल्या तिसऱ्या जागेची कल्पना परकी वाटू नये. बाराव्या शतकात याच नगरीत, तेव्हाच्या सोन्नलिगेत, सिद्धरामेश्वरांनी कन्नडमध्ये वचने रचली. ती ठरावीक वृत्तात बांधलेली नसूनही त्यांना स्वतःची लय आहे. याउलट याच शहरातल्या रामजोशींच्या लावण्या चालीला आणि यमकाला पक्क्या बांधलेल्या आहेत. दोहोंच्या घडणीतला फरक नुसते ऐकूनही जाणवतो. अरबांच्या कानाला कुराण असेच, परिचित चौकटींच्या बाहेरचे वाटले असावे. अर्थात हे साम्य येथेच संपते, कारण चौकटीबाहेर असणे आणि अनुकरणापलीकडचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एजाजचा दावा दुसऱ्या गोष्टीचा आहे.

आव्हान कुराणात एकाहून अधिक ठिकाणी येते. बावन्नाव्या अध्यायात ‘असे एखादे कथन आणा’ असे म्हटले आहे. सतराव्या अध्यायाची अठ्ठ्याऐंशीवी आयत सांगते की माणसे आणि जिन्न, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव, एकत्र आले, एकमेकांचे पाठीराखे झाले, तरी असे कुराण आणू शकणार नाहीत. अकराव्या अध्यायात दहा अध्यायांची मागणी आहे, तर दहाव्या आणि दुसऱ्या अध्यायांत एकाच अध्यायाची. अट हळूहळू सैल होत गेली आणि तरीही कोणी पुढे आले नाही, असे प्रवचनांतून नेहमी सांगितले जाते. अध्यायांचा पारंपरिक कालक्रम लावून पाहिला, तर ही उतरंड इतकी सरळ राहत नाही, कारण एका अध्यायाची मागणी करणारा दहावा अध्याय दहांची मागणी करणाऱ्या अकराव्याच्या आधीचा मानला जातो. जुन्या भाष्यकारांना ही अडचण माहीत होती. शेवटची अट मात्र निर्विवाद आहे: एक अध्याय. कुराणातील सर्वांत लहान अध्याय ‘अल-कौसर’ अवघ्या तीन आयतींचा आहे, म्हणजे मागणी तीन वाक्यांपर्यंत येऊन ठेपते.

युक्तिवादाच्या कड्या

इस्लामी धर्ममीमांसकांनी मोजिजाची जी व्याख्या घडवली, ती ध्यानात ठेवल्याशिवाय पुढचे काही नीट समजत नाही. एखादी घटना नेहमीच्या क्रमाला छेद देणारी असली पाहिजे, प्रेषितत्वाचा दावा करणाऱ्याच्या हातून घडली पाहिजे, तिच्याबरोबर आव्हान असले पाहिजे, आणि ते आव्हान पेलण्याची क्षमता असलेल्यांना ते पेलता आले नाही असे दिसले पाहिजे. एखादी कविता अप्रतिम असते, तिच्या तोडीची दुसरी कविता कोणाला लिहिता येत नाही, पण तिचा कवी प्रेषितत्वाचा दावा करीत नाही आणि कोणाला आव्हानही देत नाही. मग थोर साहित्य म्हणजे ईश्वरी साहित्य का नव्हे, हा जो आक्षेप आज नेहमी घेतला जातो, त्याला या व्याख्येत एक उत्तर आधीच तयार ठेवलेले आहे. ते उत्तर पुरेसे आहे का, याकडे पुढे वळू.

बसऱ्याचा थोर गद्यलेखक अल-जाहिज ८६८ च्या सुमारास वारला. त्याने या युक्तिवादाला ऐतिहासिक रूप दिले. त्याचे म्हणणे असे की प्रत्येक प्रेषिताला त्याच्या काळात ज्या कलेचा बोलबाला होता, त्याच कलेच्या प्रांतातला चमत्कार दिला गेला. मूसांच्या (मोझेसच्या) काळी जादूचे प्रस्थ होते, म्हणून त्यांच्या काठीने जादूगारांना हरवले. ईसांच्या (येशूंच्या) काळी वैद्यकाचे, म्हणून त्यांनी असाध्य रोगी बरे केले. आणि अरबांना वाणीचा अभिमान होता, म्हणून त्यांच्यापुढे वाणीचा चमत्कार ठेवला गेला. या विचारसरणीतील दुसरा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो. कुरैश या मक्केतील पैगंबरांच्याच टोळीच्या लोकांना पैगंबरांना खोटे पाडायचे होते, आणि त्यासाठी सर्वांत स्वस्त मार्ग त्यांच्या हातात होता: तीन वाक्ये रचायची. तो सोडून त्यांनी ६२४ मध्ये बद्र, ६२५ मध्ये उहुद अशा लढाया अंगावर घेतल्या, आप्तांचे रक्त सांडले, व्यापारी तांड्यांची नासाडी पत्करली. सोपी वाट समोर असताना शहाणी माणसे अवघड वाटेला जातात ती सोपी वाट बंद असते म्हणूनच, असा हा तर्क आहे. परंपरेत वलीद बिन मुगीरा या मक्केतील प्रतिष्ठिताची कथाही याच संदर्भात सांगतात. त्याने कुराण ऐकले, या बोलण्यात गोडवा आहे असे कबूल केले, आणि मग टोळीची बाजू राखण्यासाठी ही जादू आहे असे ठरवून टाकले.

या कडीवरचा आक्षेप उघड आहे. प्रयत्न झालेच नाहीत असे कशावरून? झाले असतील आणि जेत्यांच्या इतिहासात टिकले नसतील. यावर परंपरेचे उत्तर असे की विरोधकांचे आरोप खुद्द कुराणाने जपून ठेवले आहेत, आणि पैगंबरांच्या हयातीतच प्रेषितत्वाचा दावा करणाऱ्या मुसैलिमाच्या नावावरची बेडकाला उद्देशून केलेली रचनाही मुस्लिम ग्रंथांनीच पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचवली आहे. संशयी वाचक म्हणेल की हास्यास्पद तेवढेच जपले गेले. सातव्या शतकातील विरोधकांची स्वतंत्र लेखी साधने आपल्या हाती नसल्यामुळे इतिहासाच्या पातळीवर हा वाद पूर्णपणे मिटणे कठीण आहे, आणि म्हणूनच सर्वांत समर्थ मुस्लिम विद्वानांनी आपला सगळा भार या कडीवर टाकला नाही.

हात अडवला, की हात पोहोचलाच नाही?

नवव्या शतकाच्या पूर्वार्धात मुअतजिला या बुद्धिवादी पंथातील अन-नज्जाम या विचारवंताने एक धाडसी मत मांडले. त्याला ‘सर्फा’ म्हणतात. अरबांना तसे रचणे मुळात शक्य होते, पण ईश्वराने त्यांना त्यापासून परावृत्त केले. म्हणजे चमत्कार ग्रंथाच्या भाषेत नसून लोकांना अडवण्यात आहे, असे हे मत. ते वरवर विचित्र वाटते, पण त्याला काहीसा आधार आहे. कुराणातील शब्द अरबीच आहेत, व्याकरण अरबीच आहे, मग सुटे शब्द ज्याला येतात त्याला त्यांची जुळणी का येऊ नये, हा प्रश्न त्यामागे होता. पुढे शिया परंपरेतील शरीफ अल-मुर्तजा आणि अंदलुसियातील (मुस्लिम राजवटीतील स्पेनमधील) इब्न हज्म यांनीही आपापल्या पद्धतीने या मताची बाजू घेतली.

बहुसंख्य विद्वानांनी मात्र सर्फा नाकारली. दहाव्या शतकातील अल-खत्ताबी यांनी काढलेला दोष नेमका आहे. माणसे आणि जिन्न एकमेकांचे पाठीराखे झाले तरी, असे कुराण म्हणते. क्षमताच काढून घेतली असेल, तर पाठीराख्यांच्या उल्लेखाला अर्थ उरत नाही. १०१३ मध्ये निवर्तलेले अल-बाकिल्लानी आणखी एक मुद्दा मांडतात. आव्हान दिल्यावर अरबांची वाणी अडवली गेली असेल, तर आव्हानाच्या आधीच्या साहित्यात कुराणाच्या तोडीचे काहीतरी सापडायला हवे होते. ते शोधण्यासाठी बाकिल्लानींनी इमरुल कैसची सर्वांत नावाजलेली कविता हातात घेतली आणि ओळीमागून ओळ तपासून कोठे भरताड आहे, कोठे कल्पना घसरते, ते दाखवले. मोठ्यात मोठा कवीही सर्वत्र सारख्या उंचीवर राहत नाही, कोणाला स्तुती साधते तर कोणाला निंदा, कथा सांगताना एकाचा सूर उतरतो तर उपदेश करताना दुसऱ्याचा. कुराण मात्र कायदा सांगताना, कथा सांगताना, धाक घालताना आणि दिलासा देताना आपली पातळी सोडत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. इमरुल कैसवर त्यांनी थोडा अन्याय केला असे वाटण्याजोगे आहे, पण प्रतिस्पर्ध्याची उत्तम कृती समोर ठेवून तुलना करण्याची त्यांची रीत खरी अभ्यासकाची आहे.

जुर्जानींची उकल

या सगळ्या चर्चेला खरी खोली दिली ती अब्दुल काहिर अल-जुर्जानी यांनी. कास्पियन समुद्राच्या आग्नेयेकडील गुर्गान नगरीतला हा फारसी विद्वान १०७८ च्या सुमारास वारला. कुराण अद्वितीय आहे एवढे म्हणणे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. कोठे, कशामुळे, कोणत्या शब्दाच्या कोणत्या जागेमुळे, हे बोट ठेवून सांगता आले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. त्यांचा सिद्धान्त ‘नज्म’ या नावाने ओळखला जातो. सुट्या शब्दात चांगले-वाईट काही नसते. सुट्या अर्थातही नसते. वाक्यात शब्द एकमेकांशी व्याकरणाच्या ज्या नात्यांनी बांधले जातात, त्या बांधणीत सारे सामर्थ्य असते.

हे सांगताना जुर्जानींनी विणकामाचा दाखला दिला आहे, आणि मागाच्या गावात तो समजावण्याची गरज पडू नये. सोलापुरी चादरीच्या दोन नगांना एकाच दुकानातून आणलेले, एकाच रंगाचे सूत वापरलेले असू शकते. तरी एकीवर मोर उठून दिसतो आणि दुसरीवर नक्षी विस्कटते, कारण उभ्या ताण्यातून आडवा धागा कोठे वर यावा आणि कोठे खाली जावा, हे जॅकार्डच्या मागावर ठरलेले असते. सूत सगळ्यांना मिळते, बांधणी सगळ्यांना साधत नाही. नज्जामच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे: शब्द सर्वांचे असले, तरी जुळणी सर्वांची नसते.

जुर्जानींची दोन उदाहरणे जवळून पाहू. एकोणिसाव्या अध्यायात वृद्ध जकरिया प्रार्थना करतात आणि आपल्या वार्धक्याविषयी म्हणतात, ‘वश्तअलर्-रअसु शैबा’. डोके पांढऱ्या केसांनी पेटले, असा त्याचा शब्दशः अर्थ होईल. सामान्य टीकाकार म्हणेल, पांढरेपणाला आगीची उपमा दिली, छान आहे. जुर्जानी म्हणतात, सौंदर्य केवळ उपमेत नाही. पेटतो तो पांढरेपणा, पण क्रियापद जोडले आहे डोक्याला. ‘डोक्यात पांढरेपणा पेटला’ असे म्हटले असते, तर उपमा तीच राहिली असती आणि परिणाम मात्र गेला असता. हा फरक मराठी कानालाही तत्काळ कळतो. ‘घरात आग लागली’ म्हटले, तर एखाद्या कोपऱ्यात लागली असेल. ‘घर पेटले’ म्हटले, की काहीच वाचलेले नाही. जुर्जानींनी स्वतः नेमके हेच, घराचे आणि आगीचे उदाहरण अरबीतून दिले आहे. डोके पेटले म्हणताच एकही काळा केस उरला नाही हे न सांगता सांगितले जाते.

दुसरे उदाहरण नूहांच्या (नोहाच्या) महापुराचे. अकराव्या अध्यायातील चव्वेचाळीसावी आयत पूर ओसरल्याचे वर्णन करते: आणि म्हटले गेले, हे धरती, तुझे पाणी गिळून टाक, आणि हे आकाशा, थांब, आणि पाणी आटवले गेले, आणि निवाडा झाला, आणि ती जूदी पर्वतावर स्थिरावली, आणि म्हटले गेले, दूर होवोत जुलमी लोक. यातील ‘गिळून टाक’ हा शब्द वेगळा काढून पाहा, असे जुर्जानी सुचवतात. एकटा त्यात काय आहे? आता वाक्यात पाहा. धरतीला आधी हाक मारली आहे आणि मग आज्ञा दिली आहे, जणू ती ऐकणारी व्यक्ती आहे. ‘पाणी गिळ’ असे न म्हणता ‘तुझे पाणी’ म्हटले आहे, म्हणजे तिच्या पोटातून आले ते तिलाच परत घ्यायला लावले. आकाशाला त्याच्या जोगी वेगळी आज्ञा आहे. मग ‘पाणी आटले’ असे न म्हणता ‘आटवले गेले’ असे कर्मणी रूप येते, म्हणजे ते आपोआप आटले नाही, कोणाच्या तरी हुकमाने आटले, पण त्या कोणाचे नाव घेतलेले नाही. नावेचा शब्दही आयतीत नाही. ‘स्थिरावली’ या क्रियापदातच तिचा सर्वनामाने उल्लेख आहे, कारण एवढ्या प्रलयात कोणाच्या स्थिरावण्याकडे डोळे लागले आहेत हे सांगावे लागत नाही. शेवटचे ‘म्हटले गेले’ सुरुवातीच्या ‘म्हटले गेले’शी जाऊन मिळते. बोलणारा दोन्हीकडे अनामिक राहतो आणि तरीही तो कोण याविषयी कोणाच्या मनात शंका राहत नाही. संपूर्ण प्रलयाचा शेवट एका आयतीत, आणि एकही शब्द हलवता येत नाही.

हे वाचल्यावर एजाज म्हणजे भक्तांची भाबडी स्तुती नव्हे, हे मान्य करावे लागते. श्रद्धा असो वा नसो, वाक्याच्या अंतरंगात इतक्या बारकाईने शिरणारी समीक्षा अकराव्या शतकात लिहिली गेली, आणि अरबी साहित्यशास्त्राला तिने कायमचे वळण दिले. पुढे बाराव्या शतकात अज-जमख्शरी यांनी आपल्या कुराणभाष्यात हीच दृष्टी आयतीमागून आयतीला लावली.

ज्याला अरबी येत नाही त्याने काय करावे

विजापूर वेशीजवळच्या दुकानात बसलेल्या माणसाला हा सगळा बारकावा कसा कळणार, हा प्रश्न रास्त आहे, आणि तो जुन्या विद्वानांनाही पडला होता. बाकिल्लानींचे उत्तर असे की ज्याला अरबी वाणीची पारख नाही, त्याने अनुमानाने जाणावे: ज्यांना ती पारख सर्वाधिक होती आणि हरवण्याची इच्छाही सर्वाधिक होती, ते हरले, एवढे त्याला पुरे. परीक्षकांच्या निकालावर विश्वास ठेवण्यासारखे हे आहे. जुर्जानींना एवढ्यावर थांबणे पटत नव्हते. निकाल कळला तरी त्याची कारणे स्वतः जाणून घेण्याची धडपड माणसाने केली पाहिजे, असे त्यांचे मत होते, आणि अरबेतर असूनही त्यांनी स्वतः ती केली. म्हणूनच मुस्लिम विद्वानांची सर्वसाधारण भूमिका अशी राहिली आहे की भाषांतर हे कुराणाच्या अर्थाचे असते, ते स्वतः कुराण नसते. नमाजेत अरबी मूळच का म्हटले जाते याची इतरही कारणे आहेत, पण जे अद्वितीय आहे ते शब्दांच्या बांधणीत आहे असे मानले, की भाषांतरात ते निसटणार हे ओघानेच येते.

टीकाकार काय म्हणतात

पहिला मोठा आक्षेप ‘सारखे’ या अटीवर आहे. सारखेपणाचे माप काय आणि निवाडा कोणी करायचा? रचना फार जवळ गेली तर नक्कल ठरते आणि फार दूर गेली तर ‘सारखी नाही’ म्हणून बाद होते. दहाव्या शतकाच्या आरंभी वारलेला प्रख्यात वैद्य अबू बक्र अर-राजी याची मते त्याच्या विरोधकांच्या ग्रंथांतून पोहोचली आहेत. त्यांत तो म्हणतो की अशा रचना कवी-वक्त्यांकडून हव्या तेवढ्या आणता येतील, आणि ज्ञानाच्या उपयुक्ततेचाच निकष लावायचा तर भूमिती, खगोल आणि वैद्यक यांचे ग्रंथ पुढे ठेवावेत. सीरियातील अंध कवी अबुल अला अल-मअर्री याने कुराणाची बरोबरी करू पाहिली, असा आरोप त्याच्यावर झाला. म्हणजे मुस्लिम जगाच्या आतच हे प्रश्न उघडपणे विचारले गेले होते.

दुसरा आक्षेप मला अधिक मूलभूत वाटतो. कुराणासारखे कोणालाच रचता आले नाही हे मान्य केले, तरी त्यातून ते मानवी नाही असे निघते का? प्रत्येक थोर लेखकाची शैली त्याची एकट्याची असते आणि तिची हुबेहूब प्रत कोणाला काढता येत नाही. यावर परंपरेचे उत्तर व्याख्येत दडलेले आहे, हे आपण पाहिले: इथे प्रेषितत्वाचा दावा आहे, जाहीर आव्हान आहे, आणि वक्ता पारंपरिक समजुतीप्रमाणे ‘उम्मी’, म्हणजे लिहिणे-वाचणे न शिकलेला आहे. चौथ्या अध्यायातील ब्याऐंशीवी आयत आणखी एक खूण देते: हे अल्लाहखेरीज दुसऱ्याकडून आले असते, तर त्यात पुष्कळ विसंगती आढळल्या असत्या. श्रद्धावंताला ही सगळी अंगे एकत्र घेतल्यावर दुसरा निष्कर्ष संभवत नाही. आव्हानाने शैलीचे वेगळेपण सिद्ध होते, स्रोत सिद्ध होत नाही, असे म्हणणारा या अंगांचा वेगवेगळा खुलासा करील. माझ्या मते, वाङ्मयीन विश्लेषणाने माणूस दाव्याच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचतो. आत पाऊल टाकायला ईश्वर बोलू शकतो आणि बोलतो, ही धारणा आधी मनात असावी लागते. जुर्जानींच्या मनात ती होतीच.

अलीकडे एजाजच्या नावाखाली आणखी दोन-तीन प्रकारचे दावे फिरतात. तिसाव्या अध्यायाच्या आरंभी रोमन पराभूत झाले असून काही वर्षांतच ते विजयी होतील असे म्हटले आहे. ६१४ मध्ये जेरुसलेम इराण्यांच्या हाती गेले आणि ६२७ मध्ये सम्राट हेराक्लियसने निनेव्हेजवळ त्यांना हरवले, तेव्हा या भविष्यकथनाचा युक्तिवाद निदान जुना आणि इतिहासाशी जोडलेला आहे. ‘आधुनिक विज्ञान कुराणात आधीच होते’ हा प्रकार मात्र विसाव्या शतकात बळावला, विशेषतः मॉरिस बुकाय या फ्रेंच वैद्याच्या १९७६ मधील पुस्तकानंतर. त्याच सुमारास रशाद खलीफा यांनी एकोणीस या आकड्याचे गणित मांडले, ज्याला बहुसंख्य मुस्लिम विद्वानांनी नाकारले. मोबाइलवरून फिरणारे बहुतेक संदेश याच जातीचे असतात. विज्ञानाचे निष्कर्ष बदलत राहतात, आणि आजच्या निष्कर्षाला बांधलेली आयत उद्या अडचणीत येते. शिवाय जाहिजपासून जुर्जानींपर्यंत ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांपैकी कोणाचा युक्तिवाद हा नव्हता. जुन्या युक्तिवादाशी नाते राखणारे आधुनिक काम पाहायचे असेल, तर इजिप्तच्या आयशा अब्दुर्रहमान यांच्याकडे पाहावे. ‘बिन्त अश-शाती’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या या विदुषीने एकेक शब्द संपूर्ण कुराणात कोठे आणि कशाच्या शेजारी येतो हे तपासून वाङ्मयीन एजाजचा अभ्यास पुढे नेला.

आणि सर्व मुस्लिम विचारवंतांनी श्रद्धेचा सगळा डोलारा एकाच खांबावर उभा केला असेही नाही. ११११ मध्ये निवर्तलेले अल-गजाली आपल्या आत्मकथनपर ग्रंथात म्हणतात की प्रेषितत्वाची खात्री काठीचा साप होण्यातून किंवा चंद्र दुभंगण्यातून शोधू नये. पैगंबरांच्या शिकवणीप्रमाणे वागून तिचा परिणाम स्वतःच्या अंतःकरणावर काय होतो याचा अनुभव घ्यावा, आणि वैद्य ओळखावा तसे प्रेषितालाही त्याच्या गुणावरून ओळखावे, असा त्यांचा मार्ग आहे. त्यांच्या मांडणीत चमत्कार हा अनेक पुराव्यांपैकी एक ठरतो, आणि इतर पुरावे सोबत नसताना एकट्या चमत्काराकडे पाहिले, तर ती जादू किंवा भास असावा अशी शंकाही माणसाला येऊ शकते, हेही ते स्पष्ट सांगतात.